रुबीचा कम्पायलर लिहायचाय? मग टेस्टपासून सुरू करा

रुबी या प्रोग्रामिंग भाषेचा कम्पायलर, म्हणजे तिच्या कोडमधून मशीनवर चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन, लिहायला घेणारे बहुतेक जण पार्सरपासून, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या भागापासून, सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. माझं म्हणणं असं की पहिली लिहायची गोष्ट पार्सर नाही, कोड जनरेटर (शेवटचा कोड काढणारा भाग) ही नाही, तर खरी रुबी आणि तुमचा कम्पायलर या दोघांना एकच फाईल देऊन उत्तरं ताडून बघणारा एक छोटा स्क्रिप्ट. कारण रुबीला असं स्पेसिफिकेशन नाही की जे वाचून डोळे मिटून कोड लिहिता येईल. आयएसओ ३०१७० नावाचं एक स्टँडर्ड २०१२ साली आलं खरं, पण भाषा त्यानंतर बरीच पुढे गेली. आज रुबी म्हणजे काय, तर रुबी बनवणाऱ्या मात्झची मूळ रुबी, जिला आपण सीरुबी म्हणतो, ती जे करते ते. भांडण झालं की निकाल तिचाच.

आपण काय बांधतोय ते आधी ठरवू. सीरुबीमध्येही कम्पायलर आहेच, १.९ पासून कोइची सासादा यांचं यार्व नावाचं इंजिन आलं आणि तेव्हापासून कोड आधी बाइटकोडमध्ये (इंजिनला समजणाऱ्या मधल्या सूचनांमध्ये) जातो, मग चालतो. ३.१ मध्ये वायजिट आलं, ते चालू प्रोग्रामचा मशीन कोड बनवतं. आपण इथे बोलतोय ते प्रोग्राम चालायच्या आधीच पूर्ण फाईल घेऊन एक्झिक्युटेबल बनवणाऱ्या कम्पायलरबद्दल. आउटपुट म्हणून सरळ सी भाषेचा कोड काढा आणि जीसीसी किंवा क्लँग या सी कम्पायलरला द्या. एलएलव्हीएम (मशीन कोड बनवून देणारी तयार यंत्रणा) भारी आहे, असेंब्ली लिहिण्यात मजाही आहे, पण रुबीत खरी अडचण रजिस्टर वाटण्यात नाहीच, ती अर्थ लावण्यात आहे, आणि बग शोधताना आपणच काढलेला सी कोड डोळ्यांनी वाचता येणं ही मोठी सोय असते.

आणि इव्हॅलचं काय, हे पहिल्याच दिवशी ठरवा. स्ट्रिंगमधला कोड रनटाइमला चालवायचा तर एक्झिक्युटेबलमध्ये आख्खा कम्पायलर किंवा निदान एक इंटरप्रिटर बरोबर न्यावा लागतो. सुरुवातीला सरळ सांगा की स्ट्रिंगचं इव्हॅल चालणार नाही, ब्लॉक (मेथडला सोबत दिलेला कोडचा तुकडा) घेणारं इन्स्टन्स इव्हॅल मात्र चालेल, कारण त्यातला ब्लॉक आधीच कम्पाइल झालेला असतो, फक्त सेल्फ, म्हणजे कोड ज्या ऑब्जेक्टवर चालतोय तो, बदलायचा असतो.

आता तो ताडून बघणारा स्क्रिप्ट. एक फोल्डर, त्यात छोट्या छोट्या रुबी फाईली, प्रत्येक फाईल आधी सीरुबीने चालवायची, मग आपल्या कम्पायलरने बनवलेली, आणि दोघांचं स्टँडर्ड आउटपुट आणि एक्झिट कोड जुळवायचे. अपेक्षित उत्तर हाताने लिहून ठेवू नका, हाताने लिहिलेलं उत्तर म्हणजे तुमचा रुबीबद्दलचा समज, आणि टेस्ट करायचीये ती तोच समज. प्रत्येक टेस्टला टाइम लिमिट लावा, नाहीतर एका अडकलेल्या व्हाइल लूपसाठी सगळं थांबून बसतं. टेस्ट मोडमध्ये प्रत्येक ओळीनंतर आउटपुट फ्लश करा, कारण सेगफॉल्ट आला (चुकीच्या मेमरीला हात लागून प्रोग्राम मध्येच पडला) की बफरमधलं सगळं जातं आणि मग तुम्ही बग शोधता भलत्याच ओळीवर.

सीरुबीचं व्हर्जन पक्कं करा आणि टेस्ट स्क्रिप्टने सुरुवातीलाच ते तपासून, वेगळं असेल तर चालायलाच नकार द्यावा. उदाहरण देतो, ३.४ मध्ये हॅश (की आणि व्हॅल्यूच्या जोड्यांचा संग्रह) प्रिंट करायची पद्धत बदलली, सिंबॉलची की असेल तर आधी मध्ये बाण यायचा, आता कोलन येतो. एरर मेसेजमधलं अवतरणचिन्हही त्याच व्हर्जनमध्ये बदललं. म्हणजे दोन जणांच्या मशीनवर वेगवेगळी रुबी असली तर एकाकडे सगळं हिरवं आणि दुसऱ्याकडे निम्मं लाल. एरर मेसेजचे शब्द तसेही ताडू नका, टेस्टमध्ये रेस्क्यू करून, म्हणजे एक्सेप्शन पकडून, फक्त एक्सेप्शनच्या क्लासचं नाव प्रिंट करा. ऑब्जेक्ट आयडी, स्ट्रिंगचा हॅश नंबर असल्या गोष्टी टेस्टमध्ये येऊच देऊ नका, स्ट्रिंगचा हॅश तर सीरुबीतसुद्धा प्रत्येक रनला वेगळा येतो. हॅशमधल्या जोड्यांचा क्रम मात्र ताडायला हरकत नाही, १.९ पासून टाकलेल्या क्रमानेच बाहेर येतो.

पार्सर लिहू नका. खरंच नका लिहू. सीरुबीचा जुना ग्रामर ज्या फाईलमध्ये आहे ती दहा हजार ओळींच्या वर आहे आणि ती उगाच वाढलेली नाही. रुबीत नुसता क लिहिला तर तो व्हेरिएबल आहे की मेथड कॉल, हे आधी कुठे क ला काही असाइन केलंय का यावर ठरतं. तो असाइनमेंट कधीही न चालणाऱ्या इफमध्ये असला तरी चालतो, पार्सरने बघितला एवढं पुरे, मग क निल असतो. पुढे क, मग स्पेस, मग स्लॅश आणि त्याला चिकटून १ आलं, तर क व्हेरिएबल असेल तर तो भागाकार, आणि मेथड असेल तर तिथून रेग्युलर एक्स्प्रेशन सुरू. हिअरडॉकमध्ये (अनेक ओळींची स्ट्रिंग) इंटरपोलेशन (स्ट्रिंगच्या आत कोड) आणि त्यात अजून एक हिअरडॉक, हे तर बोलायलाच नको. यासाठी प्रिझम वापरा. हाताने लिहिलेला पार्सर आहे, सी लायब्ररी म्हणूनही मिळतो, ३.३ पासून रुबीबरोबरच येतो आणि ३.४ पासून सीरुबीचा स्वतःचा डिफॉल्ट पार्सर तोच आहे. म्हणजे पार्सिंगच्या बाबतीत तुम्ही आणि सीरुबी एकाच पानावर. शिवाय लोकल व्हेरिएबलच्या प्रत्येक नोडवर डेप्थ मिळते, म्हणजे हा व्हेरिएबल याच स्कोपमधला आहे की एक ब्लॉक सोडून बाहेरचा की दोन, आणि नुसत्या नावाचा मेथड कॉल असेल तर त्यावरही वेगळा फ्लॅग असतो. क्लोजर (बाहेरचे व्हेरिएबल पकडून ठेवणारा ब्लॉक) बनवताना ही डेप्थ फार कामाला येते.

(जाता जाता, कोणी तरीही स्वतःचा लेक्सर (कोडचे सुटे शब्द पाडणारा भाग) लिहायचाच म्हणत असेल तर एक टेस्ट: रुबीत व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. आस्की नसलेलं प्रत्येक अक्षर नावात धरलं जातं, त्यामुळे देवनागरी ५ हा आकडा नाही, ते एक नाव आहे आणि त्याला व्हॅल्यूसुद्धा असाइन करता येते. मी खाली कोड देवनागरीत देतोय तो वाचण्यापुरता, फाईलमध्ये आकडे आणि कीवर्ड नेहमीचेच टाका.)

पहिला टप्पा म्हणजे पूर्णांक आणि पुट्स (प्रिंट करणारी मेथड), बस. पण हाच टप्पा नीट करा कारण व्हॅल्यूची मांडणी इथे ठरते. सीरुबी ६४ बिटच्या एका शब्दात छोटा पूर्णांक थेट ठेवते, एक बिट डावीकडे सरकवून खाली १ चा टॅग लावते, म्हणजे न हा आकडा २न + १ असा साठतो. पॉइंटर नेहमी सम असतात, त्यामुळे शेवटचा बिट बघितला की कळतं हा आकडा आहे की ऑब्जेक्ट. बेरीज मजेशीर होते, एकातून १ वजा करा आणि दोन्ही मिळवा, टॅग आपोआप बरोबर राहतो, आणि ६४ बिटची बेरीज ओव्हरफ्लो झाली तर नेमका तेव्हाच निकाल छोट्या पूर्णांकात मावत नसतो. जीसीसी आणि क्लँग दोघांतही ओव्हरफ्लो सांगणारी बिल्ट-इन फंक्शन आहेत, ती वापरा, आणि ओव्हरफ्लो झाला की मोठ्या पूर्णांकाच्या फंक्शनकडे जा. तो मोठा पूर्णांक स्वतः लिहित बसू नका, जीएमपी लायब्ररी आहे.

भागाकाराला मात्र बरेच जण फसतात.

पुट्स -७ / २

रुबीचं उत्तर -४. सी भाषेचं -३, कारण सी शून्याकडे कापते आणि रुबी खाली जाते. -७ % ३ रुबीत २ येतं, सीमध्ये -१. तर सीचा भागाकार करून बाकी शून्य नसेल आणि बाकी व भाजक यांची चिन्हं उलट असतील, तर भागाकारातून १ कमी करा आणि बाकीत भाजक मिळवा. पण रिमेंडर नावाची मेथड वेगळी आहे, ती सीसारखंच -१ देते, तिला हे लावू नका. आणि एक कोपरा: सगळ्यात लहान छोटा पूर्णांक म्हणजे -४६११६८६०१८४२७३८७९०४, त्याला -१ ने भागलं की उत्तर ६४ बिटमध्ये आरामात मावतं पण टॅग लावल्यावर मावत नाही, तिथे मोठा पूर्णांक हवा. असे कोपरे एकेक आठवून लिहिण्यापेक्षा ०, १, -१, २, ७, -७ आणि सीमेवरचे आकडे व त्यांच्या आजूबाजूचे असा एक अॅरे घ्या, त्यातल्या प्रत्येक जोडीवर सगळे ऑपरेटर चालवा आणि प्रिंट करा, शून्याने भागल्याचं एक्सेप्शन रेस्क्यू करून. एक छोटी फाईल, पण शेकडो केस तपासून होतात.

मग मेथड कॉल. रुबीत अधिकचं चिन्हसुद्धा मेथड आहे आणि कोणीही इंटीजर क्लास उघडून ती बदलू शकतं, म्हणूनच सीरुबीसुद्धा १ + २ चं ३ आधीच करून ठेवत नाही, त्याच्या बाइटकोडमध्ये ऑप्ट-प्लस नावाची इन्स्ट्रक्शन येते जी आधी बघते की बेरीज कोणी बदलली तर नाही ना. तुम्हीही तेच करा, प्रत्येक मूळ ऑपरेटरसाठी एक ग्लोबल फ्लॅग, क्लासमध्ये त्या नावाची मेथड डिफाइन झाली की फ्लॅग चढवायचा, फास्ट पाथच्या आधी फ्लॅग तपासायचा. बाकीच्या कॉलसाठी प्रत्येक कॉलच्या जागी एक छोटा कॅशे ठेवा, मागच्या वेळी कोणता क्लास होता आणि कोणती मेथड सापडली होती, आणि मेथड टेबल कुठेही बदललं की एक ग्लोबल नंबर वाढवून सगळे कॅशे बाद. नंतर हे बारीक करता येईल. टेस्ट करताना लूपच्या मध्यात मेथड बदला, मध्यात मॉड्यूल इन्क्लूड करा, मध्यात एकाच ऑब्जेक्टवर सिंगलटन मेथड टाका. पहिल्यांदा चालवलं तर बरोबर आणि दुसऱ्यांदा चुकीचं, असे बग फक्त अशाच टेस्टमध्ये दिसतात.

आता ब्लॉक, आणि इथे वेळ द्या, कारण रुबीचा कम्पायलर म्हणजे निम्मा ब्लॉकचाच कम्पायलर असतो. प्रत्येक सी फंक्शनला सेल्फ, आर्ग्युमेंटची संख्या, आर्ग्युमेंट आणि त्यासोबत ब्लॉकचा एक छुपा पॉइंटर द्या. ब्लॉकने पकडलेले व्हेरिएबल सीच्या स्टॅकवर ठेवून चालत नाही, मेथड संपल्यावरही लॅम्डा (व्हेरिएबलमध्ये ठेवून नंतर कॉल करता येणारा ब्लॉक) जिवंत राहू शकतो, म्हणून ज्या व्हेरिएबलचा उल्लेख आतल्या ब्लॉकमध्ये आहे ते हीपवरच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, बाकीचे साध्या सी व्हेरिएबलमध्ये. कोणते ते प्रिझमच्या डेप्थवरून कळतं. पण एन्व्हायर्नमेंट बनतं कधी? ३.टाइम्सच्या ब्लॉकमध्ये आय पकडणारे तीन लॅम्डा अॅरेत टाका आणि नंतर कॉल करा, ०, १, २ आलं पाहिजे, कारण ब्लॉकच्या प्रत्येक फेरीला नवा आय. तेच व्हाइल लूपने करा, तीनही लॅम्डा ३ देतात, कारण व्हाइल नवा स्कोप उघडत नाही. या दोन टेस्ट शेजारी शेजारी ठेवा.

नेक्स्ट सोपा, ब्लॉकच्या फंक्शनमधून साधा रिटर्न. ब्रेक म्हणजे ज्या मेथडला ब्लॉक दिला ती मेथडच संपवायची. आणि ब्लॉकमधला रिटर्न म्हणजे ब्लॉक ज्या मेथडमध्ये लिहिलाय ती संपवायची, मध्ये कितीही कॉल असोत, पण तोच कोड लॅम्डात असेल तर फक्त लॅम्डा संपतो, आणि ती बाहेरची मेथड आधीच संपली असेल तर लोकल जंप एरर. सुरुवातीला हे सगळं सीच्या सेटजंप आणि लाँगजंपने (आधी खूण केलेल्या जागी थेट उडी मारणारी जोडी) करा, एक्सेप्शनही त्याच यंत्रणेवर, एन्शुअरच्या (काहीही झालं तरी चालणाऱ्या भागाच्या) प्रत्येक जागी थांबा घेत. आणि इथे सीचा एक नियम चावतो, सेटजंपनंतर बदललेले लोकल व्हेरिएबल व्होलाटाइल नसतील तर लाँगजंपने परत आल्यावर त्यांच्यात काय असेल याची गॅरंटी नाही. ऑप्टिमायझेशन बंद असताना सगळं गोड चालतं, ओ-टू लावलं की फुटतं. म्हणून प्रत्येक टेस्ट दोनदा चालवा, एकदा ओ-झिरोने, एकदा ओ-टूने. ज्या मेथडमध्ये रेस्क्यू किंवा एन्शुअर आहे तिचे व्हेरिएबल सरसकट हीपवर टाकले तरी सुटतं, थोडं हळू होतं पण सुरुवातीला कोण बघतंय.

एन्शुअरच्या टेस्ट वेगळ्या लिहा: रिटर्न क्ष झाल्यावर एन्शुअरमध्ये क्ष बदलला तर जुनीच व्हॅल्यू परत येते, पण एन्शुअरमध्येच रिटर्न लिहिला तर तो जिंकतो आणि वर चाललेलं एक्सेप्शनही गिळून टाकतो.

एक ट्रिक जी सगळीकडे वापरता येते. ट नावाची मेथड लिहा, ती एक नाव आणि एक व्हॅल्यू घेते, नाव प्रिंट करते आणि व्हॅल्यू परत देते. मग

ट("अ", यादी)[ट("ब", ०)] += ट("क", ५)

चालवा. खरी रुबी अ, ब, क एकदाच आणि याच क्रमाने प्रिंट करते. तुमच्या कम्पायलरने हे साध्या असाइनमेंटमध्ये उलगडून अ आणि ब दोनदा चालवले तर लगेच दिसतं, आणि सी भाषा फंक्शनची आर्ग्युमेंट कोणत्या क्रमाने काढायची ते ठरवूनच देत नाही, त्यामुळे तुम्ही नेस्टेड सी कॉल काढत असाल तर क्रमही उलटा येऊ शकतो. उपाय साधा, प्रत्येक आर्ग्युमेंट आधी टेम्पररी व्हेरिएबलमध्ये, मग कॉल. ऑर-इक्वलचंही (आधीची व्हॅल्यू निल किंवा फॉल्स असेल तरच असाइन करणारा ऑपरेटर) असंच, डिफॉल्ट ५ असलेला रिकामा हॅश घ्या, त्यातल्या एका कीला ऑर-इक्वल १ करा आणि साइझ प्रिंट करा. उत्तर ०, कारण वाचल्यावर ५ मिळालं, ते खरं, मग लिहायची गरजच नाही. तुमच्याकडे १ आलं तर तुम्ही नेहमीच लिहिताय.

अर्थाबद्दल शंका आली की सीरुबीला बाइटकोड डम्प करायला लावा, तसा ऑप्शन तिच्यात आहे, आणि ती नक्की कोणत्या क्रमाने काय करते ते वाचा. बऱ्याचदा वाद तिथेच मिटतो.

गार्बेज कलेक्शन (नको असलेली मेमरी परत घेणं) सुरुवातीला बोहम जीसी या तयार लायब्ररीने भागवा, स्टॅकवर पॉइंटरसारखं दिसणारं सगळं तो पॉइंटरच धरतो, म्हणून कोड जनरेटरला काही वेगळं करावं लागत नाही. स्वतःचा लिहिलात तर स्ट्रेस मोड पहिल्या दिवसापासून ठेवा, म्हणजे प्रत्येक अॅलोकेशनला कलेक्शन. भयंकर हळू चालतं, म्हणून फक्त रात्रीच्या रनला, पण नोंदवायचा राहून गेलेला एखादा रूट (कलेक्शन जिथून जिवंत ऑब्जेक्ट शोधायला सुरू करतं ती जागा) तिथे लपून राहत नाही.

एवढं उभं राहिलं की रुबी-स्पेककडे वळा. हा टेस्टचा मोठा संच रुबिनियस या रुबीच्याच दुसऱ्या एका प्रोजेक्टमधून निघाला, आता जेरुबी आणि ट्रफलरुबी या वेगळ्या रुबी आणि सीरुबी सगळेच वापरतात. त्यात लँग्वेज, कोअर आणि लायब्ररी असे भाग आहेत, लँग्वेजपासून सुरू करा. अडचण अशी की तो चालवणारा एमस्पेक स्वतः रुबीत आहे आणि चांगलीच रुबी वापरतो, इन्स्टन्स इव्हॅल, एक्सेप्शन, डायनॅमिक फाईल लोड, सगळं. तुमचा कम्पायलर त्याला पोचेपर्यंत डिस्क्राइब, इट आणि शुड एवढंच समजणारा छोटा हार्नेस स्वतः लिहा आणि स्पेकच्या फाईली त्याच्याबरोबर कम्पाइल करा. सुरुवातीला ढिगाने फेल होतील. फेल होणाऱ्यांची यादी फाईलमध्ये ठेवा, आणि नियम दोन्ही बाजूंनी लावा: यादीबाहेरचं काही फेल झालं तर बिल्ड लाल, आणि यादीतलं काही पास झालं तरी बिल्ड लाल, जोपर्यंत तुम्ही ते यादीतून काढत नाही. हा दुसरा नियम लोक लावत नाहीत आणि मग ती यादी म्हणजे अडगळीची खोली होते.

नंतर फझिंग. यादृच्छिक रुबी प्रोग्राम बनवणारा जनरेटर लिहा, पण जपून, लूप ठराविक फेऱ्यांचेच, व्हेरिएबल आधीच डिक्लेअर केलेले, आणि सीड (तोच प्रोग्राम परत बनवता येईल असा सुरुवातीचा आकडा) प्रिंट करून ठेवलेला. दोघांकडे चालवा, फरक दिसला की एकेक ओळ किंवा एक्स्प्रेशन काढत जा, फरक टिकला तर काढलेलं राहू दे, नाहीतर परत टाका. छोटं करताना प्रत्येक वेळी सीरुबी तो प्रोग्राम स्वीकारतेय ना ते बघा, नाहीतर शेवटी हातात एक सिंटॅक्स एरर उरतो. जे उरतं ते पहिल्या फोल्डरमध्ये कायमची टेस्ट म्हणून टाका.

कम्पायलर रुबीतच लिहिला असेल तर तो स्वतःला कम्पाइल करू शकतो का ही सगळ्यात जड टेस्ट. सीरुबीवर चालणाऱ्या कम्पायलरने स्वतःला कम्पाइल करायचं, त्या एक्झिक्युटेबलने परत स्वतःला, आणि दोन्ही वेळी निघालेला सी कोड अक्षर न् अक्षर सारखा पाहिजे. त्यासाठी टेम्पररी नावं काउंटरवरून द्या, ऑब्जेक्ट आयडीवरून नको. प्रिझम सी लायब्ररी आहे म्हणून एक्झिक्युटेबलला सरळ लिंक करता येते.

वेगाचं शेवटी बघा, ऑप्टकॅरट नावाचा रुबीत लिहिलेला जुन्या गेम कन्सोलचा एम्युलेटर बेंचमार्क म्हणून चालतो का ते बघा. तुलना करताना सीरुबीला वायजिट चालू करून घ्या, तो डिफॉल्टने बंद असतो, आणि पहिल्या काही फेऱ्या मोजू नका, तेवढ्यात तो कोड बनवत असतो. नुसत्या इंटरप्रिटरशी तुलना करून टाकलेले आकडे कोणीतरी दुसऱ्याच कमेंटमध्ये पकडतं.